माणसं कुठे राहतात, का राहतात आणि कशी मोजतात: ठाणे–नवी मुंबईत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीत मी अकरावी-बारावीच्या मुलांना आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या काही मोठ्यांना भूगोल शिकवते. दर जूनला तेच प्रश्न येतात. काही मुलांचे, काही पालकांचे, एखादा आमच्या इमारतीच्या वॉचमनकाकांचाही. त्यांची उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवते आहे. जनगणनेचे आकडे २०११ चे आहेत, कारण २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही.

भूगोल म्हणजे नद्या, डोंगर, वारे. त्यात माणसाचं काय काम?

ठाण्याच्या खाडीकडे बघा. भरती-ओहोटी, चिखल, खारफुटी हा झाला प्राकृतिक भूगोल. त्याच चिखलात आगरी माणसानं बांध घातले, खारं पाणी थोपवून भात पिकवला, मिठागरं केली. कोळ्यानं होडी घातली. मग रेल्वे आली: १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यालाच येऊन थांबली. पुढे वाशीचा पूल झाला आणि खाडीपलीकडे नवं शहर उभं राहिलं. आता त्याच खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून ती रामसर यादीतली, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली जागा आहे. एकाच चिखलाचं वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळी काय केलं आणि का केलं, हे विचारायला लागलात की तुम्ही मानवी भूगोलात शिरलात.

निश्चयवाद, संभववाद आणि 'थांबा व जा' यांत नेहमी गोंधळ होतो. सोपं करून सांगा.

निश्चयवाद म्हणतो, निसर्ग ठरवतो, माणूस ऐकतो. हा विचार जर्मन अभ्यासक रात्झेल आणि विशेषतः त्याच्या अनुयायांच्या नावावर आहे. फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाशनं उलट मांडलं: निसर्ग फक्त शक्यता देतो, निवड माणसाची. तिसरा ऑस्ट्रेलियाचा ग्रिफिथ टेलर, 'थांबा व जा' म्हणणारा. त्याचं म्हणणं असं की माणूस चौकातल्या वाहतूक पोलिसासारखा आहे. गाड्यांचा वेग तो कमीजास्त करू शकतो, हवं तर थांबवू शकतो, पण रस्त्याची दिशा बदलू शकत नाही.

वाशी-नेरूळकडच्या मुलांना मी याचं उदाहरण म्हणून धारण तलाव दाखवते. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. पावसात भरती आली की झडपा बंद होतात, शहराचं पाणी तलावात साठतं, आणि ओहोटी लागली की खाडीत सोडलं जातं. समुद्राला कोणी हरवलेलं नाही, त्याच्या वेळापत्रकाशी जुळवून घेतलंय. टेलरसाहेबांना याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. आणि ते तलाव गाळानं भरले की काय होतं, हे इथल्या तळमजल्यावर राहणाऱ्यांना विचारा.

ठाण्याची लोकसंख्या किती? प्रत्येक पुस्तकात वेगळा आकडा का?

कारण प्रत्येकाचं 'ठाणे' वेगळं असतं. आकडा बघण्याआधी रेषा बघायची, हा माझा वर्गातला एकमेव कायदा.

२०११ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा! जुन्या प्रश्नसंचांत हे अजून येतं. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याच २०११ च्या मोजणीतले २९,९०,११६ लोक पालघरकडे गेले आणि ठाण्याकडे ८०,७०,०३२ उरले. एकही माणूस हलला नाही, फक्त नकाशावर एक रेघ ओढली गेली, आणि 'देशात पहिला' हा मान गेला.

तिसरं ठाणे म्हणजे महानगरपालिकेचं. १९८२ मध्ये ती स्थापन झाली, आणि २०११ ला तिच्या हद्दीत सुमारे १८.४ लाख माणसं होती. त्यात कळवा, मुंब्रा, दिवा येतात; कल्याण-डोंबिवली येत नाही. चौथं ठाणे नागरी समूहातलं. जनगणनेच्या 'बृहन्मुंबई नागरी समूहा'त मुंबईबरोबर ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, मीरा-भाईंदर, अंबरनाथ, बदलापूर अशी एकमेकांना चिकटलेली शहरं धरतात. त्या सगळ्यांचे मिळून १.८४ कोटी. आणि पाचवं, जे कुठल्याच तक्त्यात नाही, ते चराई-नौपाड्यातल्या जुन्या लोकांचं ठाणे. त्यांच्या लेखी घोडबंदर रोड अजूनही 'बाहेर' आहे.

आणि नवी मुंबईची?

तिथेही तेच. नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ ची, ठाणे जिल्ह्यातली, २०११ ला सुमारे ११.२ लाख. पण खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल ही सिडकोनंच (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळानंच) वसवलेली उपनगरं रायगड जिल्ह्यात आहेत आणि २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत. खारघरचा माणूस 'मी नवी मुंबईत राहतो' म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याची रेषा सिडकोची, पालिकेची नाही.

जनगणना माणूस राहतो तिथे मोजते की कामाला जातो तिथे?

राहतो तिथे. दुपारी तीन वाजता महापे-रबाळेच्या औद्योगिक पट्ट्यात, वागळे इस्टेटमध्ये किंवा वाशीच्या बाजार समितीत किती माणसं असतात, हे जनगणनेचा मुख्य आकडा सांगत नाही. तो रात्रीचा आकडा आहे, दिवसाचा नव्हे. बेघरांना तर अक्षरशः रात्रीच मोजतात. २०११ ला ती रात्र २८ फेब्रुवारीची होती. आमच्याकडचा सकाळी सातचा ठाणे स्टेशनचा फलाट आणि त्याच माणसांचा दुपारी ओस पडलेला मजला, या दोन्हींचं चित्र हवं असेल तर रोजच्या प्रवासाची माहिती वेगळी बघावी लागते.

घनता जास्त म्हणजे गर्दी जास्त, बरोबर?

घनता म्हणजे लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. भागाकार बरोबर येतो, चित्र चुकू शकतं. जुन्या ठाणे जिल्ह्याची घनता दर चौरस किलोमीटरला १,१५७ होती. पण या एका आकड्यात मुंब्रा-कौशाच्या गल्ल्या होत्या आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगरही होते. पालघर वेगळं करून तोच भागाकार पुन्हा करा: ठाण्याची घनता १,९१५ येते, पालघरची ५६० च्या आसपास. १,१५७ ही घनता दोन्हीकडे कुठेच नव्हती. सरासरी अशीच असते, खिचडीतल्या मिठासारखी सगळीकडे सारखी पसरलेली नाही.

शिवाय घनता म्हणजे दाटी नव्हे. टॉवरमधल्या चार खोल्यांत तिघं राहतात आणि कोपरखैरण्याच्या गाळ्यात सात. चौरस किलोमीटरचा हिशोब दोघांचा सारखा येऊ शकतो.

लोकसंख्या वाढते म्हणजे मुलं जास्त होतात ना?

देशापुरतं जवळजवळ तसंच. शहरापुरतं नाही. हिशोब चार गोष्टींचा: जन्म उणे मृत्यू, अधिक आलेले, उणे गेलेले. पहिल्या दोन्हींतून येते ती नैसर्गिक वाढ.

२००१ ते २०११ या दशकात देश १७.७ टक्क्यांनी वाढला, महाराष्ट्र १६ टक्क्यांनी, ठाणे जिल्हा ३६ टक्क्यांनी. ठाण्याच्या बायकांना राज्याच्या दुप्पट मुलं होत नाहीत! तेवढी माणसं येऊन राहिली. त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, घरांचे भाव आवाक्याबाहेर गेले. परळ-लालबागची माणसं मग कुठे गेली, हे कळव्याच्या किंवा डोंबिवलीच्या कुठल्याही जिन्यात दारांवरच्या पाट्या वाचून कळतं.

एक वर्ष मात्र पाठ करा: १९२१. १९११ ते १९२१ हे आपल्या जनगणनेच्या इतिहासातलं देशाची लोकसंख्या घटलेलं दशक. १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ हे मोठं कारण. त्यानंतर आलेख कधी खाली आला नाही, म्हणून १९२१ ला 'महाविभाजक वर्ष' म्हणतात.

ठाण्याचं लिंग गुणोत्तर ८८६ आहे. म्हणजे इथे मुली मारल्या जातात का?

हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं, आणि विचारलाच पाहिजे. पण या आकड्यावरून नाही.

दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया, हे लिंग गुणोत्तर. २०११ ला देशाचं ९४३, महाराष्ट्राचं ९२९, ठाणे जिल्ह्याचं ८८६, मुंबई शहराचं ८३२. आता रत्नागिरी बघा: १,१२२. राज्यात सर्वांत जास्त. सिंधुदुर्ग १,०३६. कोकणात मुली जास्त जन्मतात असं काही नाही. तिथला तरुण चाकरमानी होऊन इकडे आला. तो इथल्या हजारात मोजला गेला, त्याची आई आणि अनेकदा बायकोही तिथे मोजली गेली. ठाण्याचा ८८६ आणि रत्नागिरीचा १,१२२ हे आकडे शेजारी ठेवून वाचायचे. एकच गोष्ट दोन टोकांकडून सांगितलेली आहे. रत्नागिरीची लोकसंख्या त्या दशकात वाढली नाही, उलट जवळपास पाच टक्क्यांनी घटली, हा त्याच गोष्टीचा तिसरा तुकडा. मनीऑर्डरवर चालणारं गाव म्हणतात ते हेच. मी सांगते तेव्हा मुलं मान डोलावतात, पण गणपतीला अर्धा वर्ग रिकामा झाला की त्यांना खरं पटतं.

मुली नकोशा आहेत का, हे बघायचं तर शून्य ते सहा वयोगटाचं गुणोत्तर बघा. एवढी लहान मुलं नोकरीसाठी एकटी शहरात येत नाहीत, त्यामुळे तिथे स्थलांतराचा पडदा नसतो. महाराष्ट्रात हे २००१ ला ९१३ होतं, २०११ ला ८९४ झालं. देशाचं ९१९. काळजी करायची ती इथे. चाकरमान्यांच्या नावावर हा आकडा खपवता येत नाही.

माणसं गाव सोडून का येतात?

पुस्तकात दोन रकाने असतात: ढकलणारी कारणं आणि ओढणारी कारणं. दुष्काळ, तुकड्यांची शेती, कामाचा अभाव ढकलतात. मजुरी, शाळा, दवाखाना ओढतात. तक्ता चांगला आहे, मार्क मिळतात. पण रकान्यांतून एक गोष्ट निसटते. माणूस 'शहरात' येत नाही, कुणाच्या तरी खोलीवर येतो.

माथाडी कामगारांचं बघा. साताऱ्याच्या डोंगरी भागातली माणसं मुंबईच्या बाजारात ओझी वाहायला आली. पुढे अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. १९८० च्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याला हलला, तशी माणसंही खाडी ओलांडून आली. आज कोपरखैरणे-घणसोलीत एकेका गावाची मंडळं आहेत. आधी आलेला चुलता पुतण्याला बोलावतो, पुतण्या मेव्हण्याला. याला साखळी स्थलांतर म्हणतात. भूगोलाचा अभ्यासक रॅव्हनस्टाइन यानं १८८५ मध्ये स्थलांतराचे नियम मांडले, त्यात बहुतेक लोक जवळच जातात आणि टप्प्याटप्प्यानं पुढे सरकतात असं म्हटलंय. जवळच्या स्थलांतरात बायका पुरुषांपेक्षा जास्त असतात, हेही त्याचं निरीक्षण. भारतात ते आजही तंतोतंत लागू आहे, कारण स्त्रियांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न आहे. सासरी जाणं हेही स्थलांतरच, फक्त आपण त्याला तसं म्हणत नाही.

सगळं स्थलांतर ऐच्छिक नसतं. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत ठेवलं, तिथेच १९४९ मध्ये उल्हासनगर वसलं. आणि सगळं कायमचंही नसतं. आपल्याच जिल्ह्यातली कातकरी कुटुंबं पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात, मुलं शाळेतून उठतात, आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परत येतात. फेब्रुवारीत मोजणारा त्यांच्या पाड्यावर गेला तर झोपडीला ताटी लावलेली.

गाव कधी 'शहर' होतं?

महानगरपालिका, नगरपरिषद असं काही जाहीर झालं की कायद्यानं शहर. ते नसेल तर जनगणना तीन कसोट्या लावते: लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. तिन्ही हव्यात. या गणतीत फक्त पुरुषांचंच काम का धरतात, असा प्रश्न एका मुलीनं वर्गात विचारला होता. मी तिला शाबासकी दिली, उत्तर काही देता आलं नाही.

वस्त्यांचे प्रकार?

केंद्रित, विखुरलेली, रेषीय. गावठाण केंद्रित, येऊरचे पाडे बरेचसे विखुरलेले, खाडीकाठची किंवा घोडबंदर रस्त्याला धरून वाढलेली वस्ती रेषीय. आकृती काढा, पुढे जा.

नवी मुंबई 'कोऱ्या जागेवर' वसवलेलं नियोजित शहर आहे, हे बरोबर ना?

नियोजित बरोबर. कोरी जागा साफ चूक.

मुंबईचा भार खाडीपलीकडे न्यायची कल्पना १९६० च्या दशकात चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण आराखड्यावर पांढरी दिसणारी जमीन ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची होती. दिवाळे, करावे, सारसोळे, घणसोली, गोठिवली, तळवली… भातशेती, मिठागरं, मासेमारी, गावकी, भावकी, गावदेवीची जत्रा, सगळं होतं. जमीन गेली, मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतरच घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याचं सूत्र आलं. आमच्या भागात 'साडेबारा टक्के' एवढंच म्हटलं तरी पुरतं, कशाचे ते कुणी विचारत नाही.

भूगोलाच्या विद्यार्थ्यानं हे पायांनी वाचावं. सेक्टरच्या सरळ रस्त्यानं चालत जा. एका वळणावर रस्ता अचानक अरुंद होतो, घराला घर लागतं, दारापुढे जाळी वाळत असते आणि मधोमध देऊळ. तिथे सिडकोचा आराखडा संपतो आणि त्याच्या कितीतरी आधीचं गाव सुरू होतं. हद्दीचा दगड शोधायची गरज पडत नाही.

कुटुंब आणि 'हाउसहोल्ड' यांत फरक काय?

चूल. जनगणनेच्या दृष्टीनं एकत्र राहून एकाच स्वयंपाकातलं जेवणारे ते एक घर. एका छताखाली दोन भाऊ वेगळे शिजवत असतील तर घरं दोन. उलट नात्यातले नसलेले चौघं एकत्र राहून एका चुलीवर जेवत असतील तर घर एक. आपल्याकडे वाटणीला 'चूल वेगळी केली' म्हणतात, ते या व्याख्येला किती जुळतं बघा.

समाज आणि समुदाय यांत काय फरक लिहायचा?

समुदाय म्हणजे ठिकाण, नातं किंवा ओळख यांनी बांधलेली माणसं, जसं कोळीवाडा. समाज त्याहून व्यापक, त्यात नियम, संस्था, कामाची वाटणी सगळं येतं. आणि 'सोसायटी' म्हणजे इमारत! खरं तर ती १९६० च्या सहकारी संस्था कायद्याखालची संस्था. सभासद, समिती, वार्षिक सभा, आणि पार्किंगवरून भांडण. जात-गावाच्या नात्याऐवजी कागदावरच्या कराराने माणसं एकत्र येतात, हे समाजशास्त्रातलं मोठं स्थित्यंतर आहे. तरी घर भाड्यानं देताना आडनाव विचारलं जातंच.

महाराष्ट्रात दोनपेक्षा कमी मुलं होतात म्हणतात, मग लोकसंख्या वाढतेच कशी?

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण प्रजनन दर (एका बाईला आयुष्यात सरासरी होणारी मुलं) २.० आणि महाराष्ट्राचा १.७ आला. पिढी तेवढीच राहायला साधारण २.१ लागतो. तरी आकडा लगेच थांबत नाही, कारण आधीच्या पिढीत जन्मलेले भरपूर तरुण आत्ता आई-बाप होत आहेत. प्रत्येकी मुलं कमी, पण आई-बापच खूप. लोकल स्टेशनात शिरताना ब्रेक लागतो, गाडी फलाटाच्या टोकाला जाऊन थांबते, तसं. लोकसंख्या मनोरा, म्हणजे वयोगटांचा एकावर एक रचलेला आलेख, काढलात तर हे डोळ्यांना दिसतं: तळ आत ओढला गेलेला, मधला भाग फुगलेला. हा फुगवटा कामाच्या वयात असेपर्यंत त्याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात. काम मिळालं तर.

माल्थस चुकला का?

१७९८ मध्ये या इंग्रज अभ्यासकानं म्हटलं की लोकसंख्या गुणाकारानं वाढते आणि अन्न बेरजेनं. शेतीतलं तंत्र आणि कमी होत जाणारे जन्म, दोन्ही त्याच्या हिशोबात नव्हते. परीक्षेत एवढं पुरे.

नवी जनगणना कधी, आणि मोजणारे आले तर 'मूळ गाव' कोणतं सांगायचं?

संदर्भाचा क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरायची तो, १ मार्च २०२७ ची मध्यरात्र असा ठरवला आहे. मोजणी डिजिटल, आणि १९३१ नंतर पहिल्यांदाच सर्व जातींची नोंद. 'मूळ गाव' असा रकाना मात्र २०११ च्या अर्जात नव्हताच. तेव्हा विचारलं होतं ते जन्मस्थान आणि याआधी कुठे राहत होता ते.

इथे आमच्या पहिलटकरणी गंमत करतात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. ऐरोलीत राहणारी सून पाटणला जाते, बाळ तिथे जन्मतं, तिसऱ्या महिन्यात पाळण्यासकट ऐरोलीला येतं आणि मग जन्मभर इथेच वाढतं. जन्मस्थानाच्या रकान्यात ते सातारा जिल्ह्यातून आलेलं स्थलांतरित. मी स्वतः त्यातलीच. आजोळच्या घरी जन्मले आणि पन्नास दिवसांची असताना एसटीनं ठाण्याला आले. २०११ ला प्रगणकबाईंनी विचारलं तेव्हा मी जन्मस्थान खरं सांगितलं, आणि आई आतून ओरडली, "अगं, आपण ठाण्याचेच!"